ब्रदरांची शाळा : मंडपेश्वरच्या टेकडीपासून वाशीच्या सेक्टरपर्यंत

१/२०
सकाळी सातच्या सुमारास वाशीच्या सेक्टर ९-अ मधला रस्ता शाळेच्या बसगाड्यांनी आणि रिक्षांनी भरून जातो. प्रवेशद्वारावरचे नाव साऱ्या नवी मुंबईच्या तोंडी आहे : फादर अ‍ॅग्नेल. या नावाचे धर्मगुरू १९२७ साली गोव्यात निवर्तले. त्या वेळी वाशी हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव होते आणि भोवती भातखाचरे व मिठागरे पसरलेली होती. शाळा चालवणे हे त्या धर्मगुरूंचे कामही नव्हते. ते गावोगाव फिरणारे प्रवचनकार होते. मग त्यांचे नाव या फाटकावर कसे आले? उत्तर शोधताना बोरिवलीच्या एका टेकडीवर, गोव्यातल्या एका ओसाड मठात आणि वांद्र्याच्या समुद्रकाठी जावे लागते. वाटेत सतत भेटतो तो एक पोरका मुलगा. हा धागा त्याच्याविषयी आहे.

२/२०
आधी एका शब्दाचा उलगडा. पांढरा झगा दिसला की आपल्याकडे सरसकट ‘फादर’ म्हटले जाते. फादर म्हणजे दीक्षित धर्मगुरू. मिस्सा अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकणे हा त्यांचा अधिकार. ब्रदर हा वेगळा. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते तोही घेतो, संघात राहतो, मात्र धर्मगुरूची दीक्षा घेत नाही. वेदीपुढे उभे राहणे त्याचे काम नव्हे. शाळा, शेत, छापखाना, सुतारशाळा, रुग्णालय अशा ठिकाणी त्याचे आयुष्य जाते. चर्चच्या मानाच्या उतरंडीत तो नेहमी एक पायरी खाली राहिला, आणि कित्येकांनी ती पायरी जाणूनबुजून निवडली.

३/२०
या निवडीला शाळेचे रूप दिले ते फ्रान्समध्ये. जाँ-बाप्तिस्त द ला साल हे रँस शहरातले सधन घराण्यातले धर्मगुरू. १६८० च्या सुमारास त्यांनी कारागिरांच्या व गरिबांच्या मुलांसाठी विनाशुल्क शाळा चालवणाऱ्या शिक्षकांचा संघ उभा केला. वाचन लॅटिनऐवजी मुलांच्या बोलीतून, म्हणजे फ्रेंचमधून सुरू व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी साऱ्या वर्गाला एकत्र शिकवण्याची रीत त्यांनी रुजवली. आणखी एक नियम त्यांनी घालून दिला : या संघातल्या कोणीही धर्मगुरू व्हायचे नाही. वेदीची ओढ लागली की माणूस वर्गातून उठून जातो, हे त्यांनी ओळखले होते.

४/२०
सव्वाशे वर्षांनी आयर्लंडमध्ये एडमंड राइस या श्रीमंत व्यापाऱ्याने पत्नीच्या निधनानंतर धंदा आवरला आणि १८०२ साली वॉटरफर्ड शहरातल्या एका तबेल्यात बंदरावर भटकणाऱ्या मुलांसाठी शाळा मांडली. त्यातून ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ निघाले. १८९० साली ते कोलकात्यात येऊन स्थिरावले. या शाळा फक्त मुलांच्या का, याचे कारण साधे आहे. ब्रह्मचारी पुरुषांच्या संघाने मुलगे सांभाळावेत आणि जोगिणींच्या संघाने मुली, अशी विभागणी चर्चने ठरवून टाकली होती. ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द मराठीत रुळला तो या दुसऱ्या शाखेतून. ब्रदरांच्या शाळेला मात्र तसा सुटसुटीत शब्द आपल्या भाषेत कधी लाभला नाही.

५/२०
कोकणात मात्र व्रतस्थांनी मुलगे सांभाळण्याची कथा द ला सालच्याही शंभर वर्षे आधी सुरू होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन साधू आले. बोरिवली पश्चिमेच्या टोकाला मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. आत नटराजाचे भव्य शिल्प आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास अंतोनियो दो पोर्तो या साधूने त्या लेण्याचे चर्च केले, आणि वरच्या टेकडीवर मठ व विद्यालय उभे राहिले. त्याच्या खर्चासाठी पोर्तुगालच्या राजाने उत्पन्न लावून दिले. तिथे शिकणारी मुले होती नवख्रिस्त्यांची आणि पोरकी.

६/२०
इथे थांबून एक कटू गोष्ट नोंदवायला हवी. पोरक्या मुलाचा सांभाळ ही त्या काळी केवळ दयेची बाब नव्हती. १५५९ च्या राजाज्ञेने गोव्यातल्या पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या हवाली करण्याची तरतूद केली. म्हणजे ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरले नाही, त्याचा धर्म राज्याने ठरवायचा. मंडपेश्वरच्या लेण्यात शिल्पपटावर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. खाली देवाचा भंगलेला पट, वर पडक्या मठाच्या भिंती. या प्रदेशातल्या ख्रिस्ती शाळेचा इतिहास सांगताना हा दगड ओलांडून पुढे जाता येत नाही. तसेच केवळ या दगडापाशी थांबले तर पुढची चारशे वर्षे दिसत नाहीत.

७/२०
१७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसईचा किल्ला पडला. मठ ओस पडले आणि टेकडीवरची इमारत ढासळत गेली. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे आली. तिकडे पोर्तुगालमध्ये चर्चवर वेगळाच आघात झाला : १८३४ साली तिथल्या उदारमतवादी सरकारने सर्व पुरुष धर्मसंघ बरखास्त केले, आणि पुढल्याच वर्षी गोव्यातलेही मठ रिकामे झाले. ज्या राज्याने साधूंना इथे आणले, त्याच राज्याने त्यांना घालवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या किनाऱ्यावरची जुनी मठशाळा अशी जवळजवळ संपली होती.

८/२०
मग शतकाची अखेर उजाडली ती संकटे घेऊन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. दुसरा ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून पश्चिम भारताच्या स्मरणात राहिला. याच काळात, १९०१ साली, मंडपेश्वरजवळच्या त्याच परिसरात, माउंट पोइन्सूर येथे, पाउलुस मोरित्झ या जर्मन ब्रदरने असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाने मिशनरी ब्रदरांचा संघ स्थापला. पोइन्सूर म्हणजे पोयसर गावाचे पोर्तुगीज वळणाचे नाव. फ्रान्सिस्कन साधूंचा परिसर साडेतीनशे वर्षांनी पुन्हा फ्रान्सिस्कनांकडे आला; या वेळी मात्र राजाची सनद नव्हती आणि आलेला माणूस धर्मगुरूही नव्हता.

९/२०
अनाथ मुलांचे संगोपन, शिक्षण आणि हाताला काम हे या संघाच्या कार्याच्या केंद्रस्थानी राहिले. ब्रदरांच्या अशा संस्थांत शाळा ही निम्मी गोष्ट असे. उरलेली निम्मी म्हणजे शेत, गोठा, सुतारकाम, शिवणकाम. यामागे एक निखळ व्यवहार होता. घरचा मुलगा शाळेतून बाहेर पडला की त्याच्यामागे वडिलांची ओळख, मामाचे दुकान, गावाकडचा जमिनीचा तुकडा, काहीतरी असते. वसतिगृहातल्या मुलामागे फाटक बंद होते, एवढेच. त्याला देता येण्याजोगा वारसा एकच : एखादे कसब. म्हणून पुस्तकाइतकेच रंध्याला महत्त्व आले.

१०/२०
आता गोव्याकडे. धर्मसंघांवरच्या बंदीला पन्नास वर्षे लोटल्यावर, २६ सप्टेंबर १८८७ रोजी, काणकोणातल्या आगोंद गावी पाद्रे बेंतो मार्तिन्स आणि काही गोमंतकीय धर्मगुरूंनी एक संघ स्थापला. युरोपातल्या कोणत्याही बड्या संघाची ती शाखा नव्हती. इथल्याच माणसांनी इथल्याच माणसांसाठी काढलेला तो संघ होता, आणि म्हणूनच कायम ओढाताणीत होता. १८९० मध्ये त्यांना तिसवाडीतला पिलारचा मठ मिळाला. १६१३ साली फ्रान्सिस्कनांनी बांधलेला हा मठ १८३५ मध्ये रिकामा झालेल्यांपैकी एक. तेव्हापासून या मंडळींना ‘पिलारचे फादर’ हे नाव पडले.

११/२०
१८९७ मध्ये या मठात दाखल झाले आग्नेल द सौझा. जन्म २१ जानेवारी १८६९, बार्देशातले हणजूण गाव. कोवळ्या वयातच आईवडिलांचे छत्र हरपलेले. १८९८ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढे ते कोंकणीतून प्रवचने देत गोव्याच्या आतल्या भागांत फिरले आणि अखेरची वर्षे राशोलच्या सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. तिथेच २० नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘आदरणीय’ ही पदवी दिली. संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी. फाटकावर आज जे नाव आहे, ते मुळात एका पोरक्या मुलाचे आहे.

१२/२०
त्यांच्या मृत्यूच्या सुमारास संघ विझत चालला होता. १९३९ मध्ये काही तरुण धर्मगुरूंनी त्याची पुन्हा उभारणी केली. त्या नव्या पिढीतले एक म्हणजे फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज. १९५७ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या बँडस्टँडला, समुद्राकाठी, ‘अ‍ॅग्नेल आश्रम’ सुरू केला. संस्थेला ‘आश्रम’ हा शब्द जोडणे त्या काळच्या ख्रिस्ती मंडळींत अपवादात्मकच होते. हेतू होता अनाथ मुलांना घर आणि हाताला तांत्रिक शिक्षण देण्याचा. हे फादर होते, ब्रदर नव्हेत. तरीही त्यांनी उभारलेली वास्तू ब्रदरांच्या जुन्या घडणीची होती : आधी घर, मग कार्यशाळा, मग शाळा.

१३/२०
रंध्याची जागा आता लेथने घेतली होती. पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या मुंबईत गिरण्यांच्या जोडीला इंजिनीअरिंग कारखाने वाढत होते. फिटर, टर्नर, वेल्डर यांना मागणी होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. नात्यागोत्याशिवाय नोकरी मिळू शकेल असे एक दार उघडले. बाराव्या वर्षी आश्रमात आलेला मुलगा अठराव्या वर्षी मायक्रोमीटर वाचू शकतो, तर कारखान्याच्या फाटकावर त्याला आडनाव विचारण्याआधी जॉब करून दाखवायला सांगतात. ज्याला आडनावाचा आधार नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता.

१४/२०
खाडीच्या पलीकडे याच सुमारास नवे शहर आकार घेत होते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपार शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला आणि वाशी हे पहिले उपनगर उभे राहू लागले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत होतीच. तिला कुशल कामगार हवे होते. प्रत्येक नोडच्या आराखड्यात शाळेचे भूखंड आखलेले होते आणि ते चालवायला संस्था हव्या होत्या.

१५/२०
ती जमीन मोकळी नव्हती. पंचाण्णव गावांतल्या आगरी, कोळी आणि इतर शेतकऱ्यांच्या जमिनींवर हे शहर वसले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, उरणच्या जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण हे त्या लढ्याचे फलित. शाळेच्या इतिहासात ही नोंद का? कारण जमीन गेल्यावर शेतकऱ्याच्या मुलाचीही गत तीच होते : वारसा संपतो, कसब हाच आधार उरतो. नव्या शहराला दोन प्रकारच्या पोरक्यांची दखल घ्यायची होती. एकाचे आईबाप गेले होते, दुसऱ्याचे शेत.

१६/२०
१९८० च्या दशकात पिलारच्या संघाने वाशीत पाय रोवले. शाळा, तंत्रशिक्षण, कनिष्ठ महाविद्यालय असा विस्तार होत गेला. त्यामागे राज्याच्या धोरणातला एक बदल होता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. १९८४ मध्ये वांद्र्याच्या आश्रमाच्या आवारात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९९४ मध्ये वाशीत दुसरे. दोन्हींना नाव आश्रमाच्या संस्थापकाचे. बोरिवलीच्या फ्रान्सिस्कन ब्रदरांनीही १९९९ मध्ये हीच वाट धरली. लेथपाशी सुरू झालेले काम पदवीपर्यंत पोहोचले. मात्र विनाअनुदान म्हणजे शुल्क, आणि शुल्क म्हणजे ज्याला पालक आहेत असा विद्यार्थी.

१७/२०
ब्रदर मात्र या प्रवासात विरळ होत गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) जगभर धर्मसंघांत येणाऱ्या तरुणांची संख्या घटू लागली. सहशिक्षण रूढ झाले, वर्गांत बाहेरून नेमलेले शिक्षक आणि त्याहून अधिक शिक्षिका आल्या. २००९ मध्ये आयर्लंडच्या रायन आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिथल्या औद्योगिक शाळांत, ज्यांत ख्रिश्चन ब्रदर्सच्या आर्टेनसारख्या संस्था होत्या, मुलांवर दशकानुदशके अत्याचार झाल्याचे त्यात नोंदवले होते. तो अहवाल आयर्लंडपुरता होता. पण बंद फाटकामागच्या पोरक्या मुलाची बाजू कोणी मांडायची, हा मंडपेश्वरच्या काळचा प्रश्न त्याने साऱ्या जगापुढे नव्याने ठेवला.

१८/२०
भारतात त्याचे उत्तर कायद्याने दिले. बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची झाली. मुलाला कुठे ठेवायचे हे आता संस्था ठरवत नाही, बालकल्याण समिती ठरवते. १५५९ च्या आज्ञेचा हा नेमका उलटा टप्पा म्हणता येईल. दुसऱ्या बाजूला, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या. पण अनुच्छेद ३० च्या आधारे अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळण्यात आले; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने ही सूट पूर्ण केली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने त्या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले.

१९/२०
म्हणजे आज स्थिती अशी आहे. ज्या संघांनी गरीब मुलासाठी शाळा काढल्या, त्यांच्यावर गरीब मुलाला प्रवेश देण्याची ती विशिष्ट कायदेशीर सक्ती नाही. जे करायचे ते स्वेच्छेने. काही संस्था करतातही : शुल्कमाफी, संध्याकाळचे वर्ग, अल्पमुदतीचे तांत्रिक अभ्यासक्रम, बालगृहे. या कामाची जाहिरात निकालाच्या फलकावर लागत नाही, आणि पालक शाळा निवडताना त्याविषयी विचारतही नाहीत. ब्रदर व्रत घेत असे ते दारिद्र्याचे; शाळा श्रीमंत झाली तरी त्याची खोली तीच राहत असे. आता खोलीत राहणारा तो माणूस कमी झाला, तेव्हा व्रताची जबाबदारी व्यवस्थापनाच्या ठरावावर आली आहे. ठरावाला व्रतासारखे वजन येते की नाही, हे प्रत्येक संस्थेला दर जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी ठरवावे लागते.

२०/२०
मंडपेश्वरचे लेणे आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे; तिथे नटराजही आहे आणि क्रूसही. वर मठाचे अवशेष, आणि त्याच परिसरात ब्रदरांच्या शाळेतून सुटणाऱ्या मुलांचा गलका. खाडीपलीकडे वाशीत दुपारी बसगाड्या पुन्हा रांगेत लागतात. त्यांत कारखान्यातल्या अभियंत्याची मुलगी असते, बाजार समितीतल्या व्यापाऱ्याचा मुलगा असतो, जुन्या गावठाणातला आगरी मुलगाही असतो. हणजूणच्या त्या पोरक्या मुलाचे नाव ते सारे गणवेशाच्या खिशावर मिरवतात. त्यांच्यात आज असा एकतरी आहे का, ज्याला न्यायला फाटकाबाहेर कोणी उभे नाही? अशा मुलासाठीच ही सारी फाटके बांधली गेली होती.

धागा समाप्त.